गढीच्या बुरुजाचं वय कसं काढायचं

बुरुजाला एकच सन चिकटवायची घाई नको. खानदेशात जुना बुरूज दिसला की लोक 'फारुकी काळातला' म्हणून मोकळे होतात. पण १६०१ मध्ये खानदेशच्या फारुकी सुलतानांचा असीरगड किल्ला अकबराकडे गेला आणि फारुकी राज्य संपलं. त्यानंतर इथे मोगल आले, मराठे आले, १८१८ ला इंग्रज आले, आणि ज्याच्या त्याच्या काळात डागडुजी होत राहिली. म्हणून वय बुरुजाचं नव्हे, थराथराचं काढायचं.

उन्हाळ्यात जा, तेव्हा झुडपं वाळलेली असतात. सकाळचं तिरपं ऊन भिंतीवर घसरतं तेव्हा दुपारी न दिसणारे सांधेही उठून दिसतात. वर आग्या मोहोळ आहे का, ते आधी बघा.

सोबत टेप, सुतळी, ओळंबा. बुरूज खाली रुंद नि वर निमुळता असतो, त्यामुळे सगळी मापं एकाच उंचीवर घ्यावीत. इथेच बहुतेकांचं चुकतं. पूर्ण गोल मोकळा असेल तर घेर भागिले ३.१४ म्हणजे व्यास. अर्धा बुरूज घरांत दडला असेल तर उरलेल्या कमानीच्या, म्हणजे दिसणाऱ्या गोलाईच्या, दोन टोकांमध्ये सुतळी ताणा आणि मध्यावर भिंत सुतळीपासून किती फुगली आहे ते मोजा. सुतळी भिंतीत अडत असेल तर ती बाहेरून, कमानीच्या मध्याला टेकवून आडवी धरा आणि टोकांपासून तिचं अंतर मोजा; तोच मधला फुगवटा. टोकांमधलं अंतर ४ मीटर आणि मधला फुगवटा ०.५ मीटर भरला, तर अंतराचा वर्ग १६, भागिले फुगवट्याची आठपट ४, अधिक अर्धा फुगवटा ०.२५. त्रिज्या ४.२५, व्यास साडेआठ मीटर.

मग सांधे बघा. खाली घडीव काळा दगड, वर माती किंवा चुन्यातली वीट, आणि दोहोंमध्ये आडवी सरळ रेघ असेल, तर वरचं काम बहुधा मागाहूनचं. विटेची लांबी, रुंदी, जाडी किमान दहा विटांची घ्या; एका विटेवरून काही ठरत नाही. आतून रुंद, बाहेर अरुंद आणि खाली उतरती भोकं म्हणजे बंदुकीच्या जंग्या. त्या भिंतीबरोबरच बांधल्या की नंतर फोडल्या, हे कडेच्या विटा अख्ख्या आहेत की तुटक्या, यावरून कळतं.

डोळा तयार करायला आधी पारोळ्याचा भुईकोट बघून या. तो १७२७ चा सांगतात. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथात, आपल्या गावाची नोंदही शोधा.

पोट सुटलेल्या भिंतीखाली मात्र उभं राहू नका. आतल्या भरावात पावसाचं पाणी मुरून दगडी कवच बाहेर ढकललं गेलेलं असतं. पिंपळाचं मूळही उपटू नका, बऱ्याचदा तेवढ्यावरच दगड धरलेला असतो.