घरच्या घरी सेसना १७२ चं कॉकपिट
कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी कॉकपिट बनवताना पहिल्याच फटक्यात एअरबस करायला जाऊ नका, सेसना १७२ हे छोटं विमान घ्या, बटणं कमी आणि शिकायला भरपूर. आधी खुर्ची ठरवा, बसल्यावर डोळे किती उंचीवर येतात ते मोजा आणि मगच पॅनल फिक्स करा, हे उलटं केलं की मान दुखलीच म्हणून समजा. सहा मुख्य डायलसाठी एमडीएफला (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीला) साधारण ८० मिमीची भोकं पाडायची, मागे जुना मॉनिटर लावायचा, काटे स्क्रीनवरच फिरतात. अल्टिमीटरच्या (उंची दाखवणाऱ्या डायलच्या) नॉबला रोटरी एन्कोडरच हवा, तो गोल गोल कितीही फिरतो; पोटेन्शियोमीटर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणासारखा भाग, टोकाला जाऊन अडतो. वायरी आर्डुइनो मेगा या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडायच्या, त्याला ५४ डिजिटल पिना आहेत, आणि हा बोर्ड सिम्युलेटरला जोडणारं मोबीफ्लाइट सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कोडिंग लागत नाही. रेडिओला मात्र क्लिकवाला एन्कोडर घ्या, खाली न बघता बोटाला लागणारी टिकटिक मोजून फ्रिक्वेन्सी लावता येते, काय भारी वाटतं!