सेल्फ-वॉटरिंग कुंडी भरताना या चुका टाळा

घोडबंदर रोड असो की खारघर, फ्लॅटची बाल्कनी चिंचोळी आणि घरातली सगळी दिवसभर बाहेर. म्हणून खाली पाण्याची टाकी असलेल्या कुंड्या लोक हौसेने आणतात. महिनाभरात झाड पिवळं पडलं की दोष कुंडीला देतात. खरा घोळ असतो आत भरलेल्या मिश्रणात. या कुंडीत टाकीत सोडलेल्या वातीतून पाणी सतत वर मिश्रणात चढतं, ते कमी पडत नाही. मुळांना कमी पडते ती हवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नर्सरीतली लाल माती तशीच भरणं. तिचे कण बारीक, त्यामुळे पाणी ओढते आणि धरून बसते. वरून कोरडी दिसते, पण बोट खुपसलं की खाली चिखल. मुळं तपकिरी झालेली असतात, चिमटीत धरली की साल सुटून येते आणि आंबूस वास येतो. काळ्या पिशवीतलं रोप मातीच्या गोळ्यासकट लावलं तरी हेच होतं. भोवती कितीही भुसभुशीत मिश्रण असो, मधला गोळा ओलागच्च राहतो. तो पाण्यात भिजवून हलक्या हाताने मोकळा करा.

माझ्या मते कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पाच भाग, परलाइट (मिश्रण मोकळं ठेवणारे पांढरे, हलके दाणे) तीन आणि गांडूळखत दोन, एवढं पुरे. खत जास्त घातलं की लगदा होतो आणि चिलटं येतात. परलाइटऐवजी थर्माकोलचे मणी सुचवणारे भेटतील. ते वाऱ्याबरोबर शेजाऱ्यांच्या बाल्कनीत जातात. कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीनदा पाणी बदला, त्यात क्षार असतात. तयार ओलं मिश्रण मुठीत दाबून पाहा. दोन-चार थेंब पडावेत आणि मूठ उघडून बोटाने टोचलं की गोळा फुटावा. धार लागली तर परलाइट वाढवा.

तळाशी खडे घालू नका. वात आणि मिश्रण यांची गाठच पडत नाही, मग टाकी भरलेली आणि झाड सुकलेलं. कोकोपीट एकदा पार वाळलं तरी पाणी चढत नाही. अशा वेळी वरून सावकाश पाणी घालून सगळं भिजवा. नवी कुंडी भरल्यावरही पहिलं पाणी वरूनच. वात सुती असेल तर कुजते, नायलॉनची घ्या.

वर पांढरा थर दिसला तर ते साचलेले क्षार. दोन-तीन महिन्यांनी वरून भरपूर पाणी ओतून टाकी रिकामी करा. जेड, अडेनियम अशा अंगात पाणी साठवणाऱ्या झाडांना ही कुंडी नकोच. मनीप्लँट, पीस लिली खूश राहतात.

पावसाची झड येणाऱ्या बाल्कनीत जून ते सप्टेंबर टाकी रिकामीच ठेवा आणि जादा पाणी जाण्याचं भोक मोकळं आहे ना, ते बघा. एरवी पाणी भरायच्या तोंडावर बारीक जाळी बसवा, कारण डेंग्यूच्या डासाला असं साठलेलं स्वच्छ पाणी आठवडाभर मिळालं तरी पुरतं.