घर भाड्याने देताय? सामानाच्या यादीतल्या या चुका टाळा

डिपॉझिट परत करायची वेळ आली की वाद एकाच प्रश्नावर अडतो: हे आधीपासूनच असं होतं, की तुमच्या काळात झालं? त्याचं उत्तर कागदावर नसेल तर घरमालक आणि भाडेकरू दोघांचंही नुकसान होतं.

करारातल्या यादीवर भागवणं

लिव्ह अँड लायसन्सच्या करारात एजंट ‘पंखे ४, ट्यूबलाइट ५, गिझर १, बेड १’ असं टाकून मोकळा होतो. नग कळले, पण वस्तू कशा अवस्थेत दिल्या ते कुठेच नाही. म्हणून खोलीवार वेगळी यादी करा आणि जे दिसतंय ते जसंच्या तसं लिहा. उदाहरणार्थ: ‘मागची बेडरूम. दोन दारांचं कपाट, उजव्या दाराचं बिजागर सैल, आतला आरसा खालच्या कोपऱ्यात तडकलेला, किल्ल्या २.’ एसी, फ्रिज, गिझर असेल तर कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबरही घ्या. ‘सर्व सामान सुस्थितीत’ हे वाक्य तर लिहूच नका, त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

सगळ्यात जास्त वेळ स्वयंपाकघर आणि बाथरूमला द्या. सिंकखालची ट्रॉली पूर्ण बाहेर ओढून बघा. तिथला प्लाय पाण्याने फुगलेला असतो आणि नंतर त्याचंच बिल निघतं. प्रत्येक नळ सोडा, फ्लश करून टाकी पुन्हा भरते का ते पाहा, गिझर चालू करून पाणी तापू द्या, चिमणीची जाळी काढून बघा.

फक्त लांबून फोटो काढणं

हॉलच्या फोटोत फरशीची चीर दिसत नाही. आधी अख्खी भिंत, मग तोच डाग जवळून, असे जोडीने फोटो घ्या. ते ईमेलने पाठवा, म्हणजे तारखेसह दोघांकडे राहतील. वीजमीटरचं रीडिंग आणि पाइप गॅस असल्यास त्याचंही रीडिंग फोटोत यायला हवं.

एकट्याने यादी करणं

घर रिकामं असताना, दोघांनी मिळून फिरून यादी करावी आणि प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या असाव्यात. राहायला आल्यावरच लक्षात येणाऱ्या गोष्टी लेखी कळवायला भाडेकरूला आठवडाभर द्या. ही सवलत रास्त आहे, आणि पुढे ‘मला बघायलाच दिलं नाही’ अशी तक्रार राहत नाही.

करार नोंदवायचं टाळणं

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. त्यात घरमालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

यादी न करताच किल्ली दिली असेल तर?

वेळ ठरवून जा आणि आज जे आहे त्याची यादी आजच्याच तारखेने करा. मागची तारीख अजिबात टाकू नका. जे आधीचं असल्याचं दोघांना मान्य आहे, त्यापुढे तसं लिहा.

घर सोडताना हीच यादी हातात घेऊन पुन्हा फिरा. पैसे कापायचे असतील तर दुरुस्तीचं बिल दाखवा आणि वस्तूचं वय धरा. सात वर्षं वापरलेल्या गादीसाठी नव्या गादीची किंमत भाडेकरूकडून घेणं योग्य नाही, आणि रोजच्या वापराने फिका पडलेला रंग हे नुकसान नव्हे.