उंच काचांसाठी लांब दांडा घेताय? या चुका टाळा

दसरा झाला की फोन सुरू होतात. "दादा, वरच्या काचांना हात पोचत नाही, ऑनलाइन एक टप्प्याटप्प्याने उघडून लांब होणारा दांडा बघितलाय, घेऊ का?" काचा धुण्याची कामं मी बरीच वर्षं घेतोय आणि यावर माझा उलटा प्रश्न ठरलेला आहे: खिडकीबाहेर विजेच्या तारा आहेत का? नव्वद टक्के लोकांनी नेमकं तेवढंच बघितलेलं नसतं. किंमत, लांबी, रंग सगळं पाठ असतं आणि 'अल्ट्रा लाइट' हे शब्द तर हमखास.

हलका तो चांगला, हा समज

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून आधी तिच्याबद्दल. बाजारात स्टील, ॲल्युमिनियम, फायबरग्लास आणि कार्बन फायबर असे चार प्रकारचे दांडे मिळतात. सारख्याच मापाचा तुकडा घेतला तर स्टील सर्वांत जड, ॲल्युमिनियम त्याच्या साधारण एक तृतीयांश, फायबरग्लास त्याहून हलकं आणि कार्बन सर्वांत हलका. म्हणून ज्याच्या खिशाला परवडतं तो डोळे मिटून कार्बन घेतो. नावात 'फायबर' आहे, दिसायलाही धातूसारखा नाही, मग शॉक कसा लागेल, असं त्याला वाटतं. पण कार्बन फायबरमधून वीज वाहते. चौघांत वीज अडवणारं फायबरग्लास एकटंच, आणि तेही कोरडं व स्वच्छ असेल तोवरच. साबणाचं मळकं पाणी दांड्यावरून हातापर्यंत ओघळलं की त्या ओलीतूनच वीज खाली येऊ शकते.

नाशिकला एका रो-हाउसच्या कामावर होतो. आम्ही पुढच्या काचा धूत होतो आणि जिन्याची उंच काच होती बाजूच्या गल्लीत. मालकीणबाईंच्या भाच्याला दम धरवेना. त्याने स्वतःचा वीस फुटी ॲल्युमिनियमचा दांडा काढला, अंगणातच सगळा उघडला आणि गल्लीत नेऊन उभा करायला घेतला. गल्लीच्या कडेने ११ केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची विजेची लाइन गेलेली. खांबाच्या डोक्यावर व्ही आकाराची लोखंडी आडवी पट्टी, तिच्यावर चिनी मातीचे इन्सुलेटर आणि तीन उघड्या तारा. आमच्या पोराने बोंब मारली म्हणून तो थांबला. वर मलाच सांगतो, "काका, तार केवढी लांब आहे. मी तर भिंतीकडे तोंड करून पुसणार." मी काही बोललो नाही. दांडा जमिनीवर आडवा टाकला, एक टोक भिंतीच्या पायथ्याला लावलं. दुसरं टोक तारांच्या बरोब्बर खालून पुढे हातभर निघालं. ते बघितल्यावर तो जो पायरीवर बसला, तो चहा येईपर्यंत उठला नाही.

पुसताना दांडा भिंतीला टेकलेला असतो, तेव्हा धोका त्या मानाने कमी. घात होतो तो दांडा उभा करताना आणि उतरवताना, कारण तेव्हा त्याचं टोक भिंतीपासून सुटतं आणि दांड्याच्या लांबीएवढं कुठेही झुकू शकतं. आणि तारा काही फार लांब नसतात. वीज सुरक्षेच्या नियमांप्रमाणे ११ केव्हीपर्यंतची उघडी तार इमारतीपासून आडव्या अंतराने १.२ मीटर, म्हणजे जेमतेम ४ फूट दूर असली तरी चालते. आंब्याच्या झेल्याला बांबूऐवजी लोखंडी पाइप लावून तारेला चिकटलेल्या माणसांच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि दिवाळीत तसलाच पाइप घेऊन खिडकीखाली उभे राहतो. याचा मला खरंच राग येतो.

माझी सवय सांगतो. दांडा कोणत्याही बाजूला कलंडला तरी त्याचं टोक तारेच्या १० फुटांच्या आत येणार असेल, तर तिथे मी दांडा उघडतच नाही. फायबरग्लासचा असला तरी नाही. अशी काच आतून पुसायची. स्लायडिंगची खिडकी असेल आणि बाहेर ग्रिल असेल, तर दोघांनी मिळून शटर, म्हणजे काचेचा सरकता पल्ला, वर उचलून ट्रॅकमधून आत काढता येतं. वेळ लागतो, लागू दे. ग्रिल नसेल तर शटरला हात लावू नका.

'लागेल तेव्हा लागेल' म्हणून ३० फुटी

लांबी अंदाजाने घेऊ नका, मोजा. आपल्याकडच्या साध्या बंगल्यात जोतं २ फूट, मजला १० फूट आणि लिंटल (खिडकीच्या डोक्यावरची तुळई) ७ फुटांवर धरलं, तर पहिल्या मजल्यावरच्या खिडकीचा माथा जमिनीपासून १९ फुटांवर येतो. त्यातून तुमच्या हाताची उंची ५ फूट वजा करा, राहिले १४. दांडा थोडा तिरका धरावा लागतो, त्याचा एक फूट वाढवा. १५ फूट, म्हणजे साडेचार मीटर. शेवटचा टप्पा टोकापर्यंत ताणायचा नसतो, म्हणून ५ मीटरचा घ्या आणि थांबा. दुसऱ्या मजल्यासाठी हाच हिशोब २५ फुटांवर जातो. ते घरच्या माणसाचं काम नाही, रोजचा सराव असलेल्यालाच बोलवा.

लांब दांडा दुकानात हलका लागतो, कारण तो मिटलेला असतो. अर्धा किलोचा ओला ब्रश ४ मीटरच्या दांड्याच्या टोकाला लावून ४५ अंशांत हवेत धरा. दोन हातांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर ठेवलंत, तर नुसता तो ब्रश तोलायला वरच्या हाताला सव्वादोन किलोहून जास्त जोर लावावा लागतो. दांड्याचं स्वतःचं वजन वेगळंच. म्हणून डब्यावर छापलेल्या ग्रॅमवर जाऊ नका. दुकानातच दांडा पूर्ण उघडायला लावा, टोकाला ब्रश बसवा आणि मिनिटभर तिरका धरून बघा. दुकानदार कुरकुर करेल, करू दे. टोक गळाच्या काठीसारखं लवत असेल तर तो दांडा काचेवर कधीच नीट दाब देणार नाही.

लॉक न तपासणं

पिळून घट्ट करायचं ट्विस्ट लॉक स्वस्त असतं, पण आत साबण आणि बारीक माती गेली की ते सरकतं. वरचा टप्पा सर्रकन खाली येतो आणि सांध्यावर ठेवलेला अंगठा चिमटतो. मी बाहेरून दाबायचा क्लॅम्पच घेतो, कारण लागलाय की नाही ते डोळ्यांना दिसतं. घेताना दांडा अर्धा उघडा, लॉक करा, जमिनीवर टेकवून वरून जोर द्या. तसूभर जरी सरकला तरी परत करा.

उघडताना आधी वरचे बारीक टप्पे काढा, जाड टप्पे शेवटी. म्हणजे दांडा भिंतीशी उभा असताना उरलेले क्लॅम्प हाताशी राहतात. उतरवताना उलट क्रम. सगळा दांडा आडवा उघडून मग उभा करायचा उतावळेपणा करू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात

शिडीवर किंवा स्टुलावर चढून दांडा चालवायचा नाही. दांडा घेतला तो पाय जमिनीवर राहावेत म्हणूनच.

खिडकीच्या कट्ट्यावर उभं राहून बाहेरून दांडा फिरवणाऱ्याचं मी काम घेत नाही आणि त्याला माझ्या कामावर ठेवतही नाही.

रंगाऱ्याच्या रोलरचा दांडा आहे, त्यालाच वायपर बसवू, असं म्हणू नका. आटे जुळत नाहीत, मग कापड गुंडाळून ठोकतात आणि वायपर खालच्या गाडीच्या काचेवर जातो. जुळला तरी दोरीने बांधा आणि खाली माणूस उभा करा.

वायपरची मान वाकणारी हवी. सरळ मानेचा वायपर वरच्या कोपऱ्यात मळाची पट्टी सोडतोच.

बोअरचं पाणी काचेवर वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके उरतात. शेवटचा हात आरओच्या पाण्याचा फिरवा आणि भर उन्हात काच धुऊ नका.

फायबरग्लासचा दांडा गच्चीवर उन्हात पडू देऊ नका. वरचा थर उडाला की काचेची तुसं हातात घुसतात, ती निघता निघत नाहीत. काम झालं की टप्पे सुटे करून आतलं पाणी काढा, पुसा आणि सावलीत आडवा ठेवा. पृष्ठभाग खरखरीत लागायला लागला की त्याला चिकटपट्टी गुंडाळत बसू नका, नवा घ्या.