जुना जी.आय. जो नव्याने रंगवताना

‘जी.आय. जो’ या खेळण्यातल्या सैनिकाच्या पावणेचार इंची फिगरचे धड पाठीवरच्या एकाच स्क्रूने जोडलेले असते, आणि म्हणूनच फिगर सुटी करून आपल्या मनाप्रमाणे रंगवायला शिकणाऱ्याने सुरुवात तिच्यापासूनच करावी, असे माझे मत आहे. हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने ही मालिका १९८२ मध्ये अमेरिकेत आणली. आपल्याकडे फनस्कूलने परवान्याने काढलेल्या त्याच धाटणीच्या फिगर नव्वदच्या दशकातल्या मुलांच्या हाती आल्या. त्यामुळे अंगठा तुटलेला किंवा कमरेत लुळा पडलेला एखादा सैनिक माळ्यावरच्या डब्यात अजूनही सापडू शकतो. सरावाला तोच घ्यावा. सगळ्या शस्त्रांसह जपलेली फिगर एकदा रंगवली की संग्राहकांच्या लेखी तिचे मोल उतरते.

स्क्रूच्या चौफुलीत घट्ट बसेल असाच स्क्रूड्रायव्हर वापरावा. टोक सैल असेल तर स्क्रूचे डोके झिजते आणि मग धड उघडण्याचा सरळ मार्ग उरत नाही. गंज दिसला तर तेलाचा एक थेंब सोडून तासभर थांबावे. धडाचे दोन भाग वेगळे करण्यापूर्वी फिगर पालथी ठेवावी, हळूच उघडावी आणि आतल्या रचनेचे छायाचित्र काढून ठेवावे. डोके आणि दोन्ही हात या दोन भागांच्या मध्ये नुसते अडकवलेले असतात, ते सहज निघतात. पायांची गोष्ट निराळी आहे. दोन्ही मांड्या एका धातूच्या आकड्याने जोडलेल्या असतात, त्या आकड्यात काळी रबरी ओ-रिंग अडकवलेली असते आणि ती कमरेच्या तुकड्यातून वर येऊन धडातल्या खुंटीला धरून राहते. जुनी रिंग बहुधा कडक होऊन तुटलेलीच असते. तिचे तुकडे टाकून न देता हार्डवेअरच्या दुकानात नमुना म्हणून न्यावेत. फार लहान रिंग घेतली तर तिच्या ताणाने कमरेचा तुकडा तडकतो. कोपर आणि गुडघ्यांत रिव्हेट असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

दुसऱ्या फिगरचे हात किंवा डोके बसवायचे असेल तर साल पाहावे. दंडातून फिरणारे हात १९८३ पासून आले, तर गोळ्यावर सर्व दिशांना फिरणारी डोकी १९८५ पासून; त्याआधीचे डोके नंतरच्या धडात नीट बसत नाही.

सुटे भाग साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने घासून धुवावेत, कारण हाताचा तेलकटपणा आणि स्क्रूला लावलेले तेल राहिले तर रंग धरत नाही. कारखान्यातला रंग काढायचा असल्यास कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन आधी धडाच्या आतल्या बाजूला परीक्षा करावी. अ‍ॅसिटोन असलेला नेलपॉलिश रिमूव्हर मात्र मुळीच वापरू नये. त्याने प्लास्टिकच विरघळते आणि चेहऱ्याचे बारकावे पुसले जातात.

कमरपट्टा, खिसे, टोपी अशी भर घालण्यासाठी एम-सील, म्हणजे दोन लगद्या मिसळल्यावर कडक होणारे लुकण, उत्तम. दोन्ही लगद्या सारख्या प्रमाणात घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळाव्यात, ओल्या टूथपिकने आकार द्यावा, रात्रभर सुकू द्यावे आणि मग आधी ४०० व नंतर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे. मळताना हातमोजे घालावेत आणि घासताना तोंडावर मास्क असावा.

आता खरा प्रश्न सांध्यांचा. रंग छातीवर सहसा बिघडत नाही. तो बिघडतो खांद्यात, मांडीच्या गोळ्यावर आणि दंडाच्या फिरत्या कापात, कारण तिथे दोन पृष्ठभाग आधीच एकमेकांना चिकटून फिरत असतात आणि रंगाच्या थराला जागाच नसते. माझ्या पहिल्या फिगरचा निळा खांदा मी मोठ्या हौसेने रंगवला, जोडला, हात एकदा वर केला आणि काखेतून मूळचा खाकी रंग चंद्रकोरीसारखा डोकावला. तेव्हापासून घासले जाणारे भाग मी कोरेच ठेवतो आणि मूळ फिगरच अशी निवडतो, की तिच्या सांध्यांतल्या प्लास्टिकचा रंग माझ्या नव्या रंगाच्या जवळचा असेल. तसे जमत नसेल तर ६०० नंबरच्या पेपरने तो भाग किंचित उतरवावा, सांधा न अडखळता फिरतो का ते पाहावे आणि मगच त्यावर रंगाचा अगदी पातळ हात द्यावा.

प्लास्टिकला धरणाऱ्या प्रायमरचा (रंगाआधी द्यायच्या अस्तराचा) हलका थर आणि त्यावर पाण्याने पातळ केलेल्या अ‍ॅक्रिलिकचे दोन-तीन हात पुरतात. एक थर वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. डोके मानेच्या दांड्याला धरून कपड्यांच्या चिमट्यात उभे करावे, म्हणजे चेहऱ्याला बोट लागत नाही. मऊ प्लास्टिकवर डब्यातला एनॅमल स्प्रे मारू नये, तो महिनोन्‌महिने चिकट राहू शकतो. मॅट वॉर्निशचा स्प्रे कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याच्या दमट दिवशी मारला तर पांढुरका पडतो, म्हणून कोरड्या दुपारची वाट पाहावी.

पूर्ण एक दिवस वाळल्यावर जोडणी करावी. रिंग आकड्यात अडकवून तिच्यातून दोरा ओवावा, त्या दोऱ्याने ती कमरेतून वर ओढून खुंटीवर बसवावी, हात व डोके जागी ठेवून धड मिटावे आणि दोरा काढून घ्यावा. स्क्रू घट्ट करण्याआधी तो उलटा फिरवावा; जुन्या आट्यात तो किंचित खाली बसल्याचे बोटाला जाणवते, आणि तिथूनच तो सुलटा पिळावा, नाहीतर नवा आटा पडून भोक सैल होते. धडाच्या दोन भागांतली फट मिटली की थांबावे. मग हात एकदाच, सावकाश, पूर्ण गोल फिरवावा आणि काखेत रंगाची भुकटी दिसली तर तेव्हाच स्क्रू सैल करून तेवढाच भाग पुन्हा घासावा.