फायबर टेक्निशियन व्हायचंय? आधी डीबीचा हिशेब शिका

घरोघरी फायबर जोडण्याच्या कामात शिरायला दहावीनंतर दोन सरळ वाटा आहेत : आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक ट्रेड किंवा अणुविद्युत (इलेक्ट्रॉनिक्स) व दूरसंचारचा डिप्लोमा. टेलिकॉम सेक्टर स्किल कौन्सिलचा ऑप्टिकल फायबर स्प्लायसरचा छोटा कोर्सही चालतो. कागद कुठलाही असो, सुरुवातीला हातात स्प्लायसिंग मशीन, म्हणजे फायबरची टोकं वितळवून जोडणारं यंत्र, क्वचितच मिळतं. मिळते ती शिडी आणि ड्रॉप केबलचं, म्हणजे ग्राहकाच्या घरात जाणाऱ्या शेवटच्या केबलचं, बंडल.

केबलच्या आत ट्यूब (नळ्या) असतात आणि त्यांत रंगीत कोअर (एकेक फायबर). त्या रंगांचा क्रम तोंडपाठ हवा : निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. यात एक फसवी जागा आहे. १७ वा कोअर राखाडी. ट्यूबमध्ये ६ कोअर असतील तर तो तिसऱ्या ट्यूबमध्ये, १२ असतील तर दुसऱ्या. रंग तोच, ट्यूब वेगळी. केबलवरचा छापील मजकूर न वाचता जॉइंट मारला की भलत्याच ग्राहकाची लाइन जाते.

जॉइंट मारताना स्लीव्ह (जॉइंट झाकणारी नळी) आधी ओवायची. नवखे हेच विसरतात, मग चांगला झालेला जॉइंट तोडून पुन्हा करावा लागतो. ३-४ सेंमी कोटिंग सोला, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग क्लीव्हरने (फायबर सरळ कापणाऱ्या हत्याराने) कापा. कापल्यावर टोकाला बोट किंवा टिश्यू लावायचा नाही. मशीनने ०.०५ डीबीच्या (डेसिबल, म्हणजे प्रकाश किती घटला याचं माप) आत लॉस दाखवला तर उत्तम, ०.१ च्या वर गेला तर तोडून पुन्हा. मात्र तो आकडा मशीनचा अंदाज असतो, खरं काय ते पॉवर मीटर सांगतं. कोकणातल्या पावसाळ्यात हवा दमट झाली की आर्क कॅलिब्रेशन (मशीनची ठिणगी हवेप्रमाणे जुळवणं) करून मगच कामाला हात घाला.

आता हिशेब. ओएलटीतून, म्हणजे कंपनीकडच्या प्रकाश पाठवणाऱ्या यंत्रातून, +३ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) निघतात. १:८ चे, म्हणजे एका फायबरचा प्रकाश आठांत वाटणारे, दोन स्प्लिटर प्रत्येकी साधारण १०.५ डीबी खातात, म्हणजे २१. पाच किलोमीटर केबलचे दीडेक, कनेक्टर आणि जॉइंट मिळून आणखी दीडेक. ग्राहकाकडे सुमारे मायनस २१ यायला हवेत. मीटर १४९० नॅनोमीटरवर (प्रकाशाची तरंगलांबी) आहे ना, तेवढं बघा. मायनस २६ दिसले तरी नेट चालेल, कारण नेहमीच्या बी प्लस दर्जाच्या मोडेमची मर्यादा मायनस २७ आहे. म्हणून कित्येक जण 'चालू झालं' म्हणून निघून जातात आणि आठवडाभरात तक्रार येते. हिशेबातले ५ डीबी गेले कुठे, हे शोधणं हेच खरं काम.

आधी कनेक्टर पुसा. निम्मी भानगड तिथेच मिटते. हिरव्या एपीसी (तिरक्या टोकाच्या) कनेक्टरला निळा यूपीसी (सरळ टोकाचा) कोणी ठोकलाय का, ते पाहा. एपीसीचं टोक ८ अंशांत तिरकं असतं, त्यामुळे दोन्ही नीट टेकतच नाहीत. तरी लॉस राहिला तर लाइन बंद करून ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून बिघाडाची जागा दाखवणारं यंत्र) १३१० आणि १५५० दोन्हींवर मारा. १५५० वर लॉस बराच जास्त दिसला तर केबल कुठेतरी मुडपली आहे, दोन्हींवर सारखाच असला तर जॉइंट किंवा कनेक्टर खराब. चालू लाइनवर मारायचं तर १६२५ किंवा १६५० चा फिल्टरवाला ओटीडीआरच लागतो.

मोडेमवर लाल एलओएस (सिग्नल येत नसल्याचा दिवा) लागला की शेजाऱ्यांचं चालू आहे का, ते आधी विचारा. एकट्याचंच बंद असेल तर ड्रॉप केबल तपासा; सगळ्यांचं बंद असेल तर स्प्लिटरच्या मागे जा, बहुधा कुठल्या तरी रस्त्यावर जेसीबी चाललेला सापडेल.

फायबरच्या टोकात कधी डोळा घालू नका, त्यातला प्रकाश दिसत नाही. काचेचे तुकडे झाकणाच्या डबीत टाका, खिशात नाही. महावितरणच्या खांबावर परवानगीशिवाय चढू नका. पहिल्या पगारातून स्वतःचं पॉवर मीटर आणि लाल लाइटचं पेन घ्या; मशीन कंत्राटदाराचंच वापरा.