जुन्या पायथन प्रकल्पात लिंटरचे नियम कसे आणावेत

बरीच वर्षे चाललेल्या मुक्त स्रोत पायथन प्रकल्पावर रफ हा लिंटर (कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणारे साधन) पहिल्यांदा चालवला की इशाऱ्यांची रीघ लागते, आणि ते सगळे एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल प्रकल्पात सामावून घेण्याच्या विनंतीत) निकालात काढावेत असा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा, कारण शेकडो फाइलींना हात लावणारा बदल कोणीच नीट वाचत नाही. आधी रफ चेक या आज्ञेला स्टॅटिस्टिक्स हा पर्याय जोडून कोणत्या नियमाचे किती भंग आहेत, हे पाहून घ्यावे. त्या यादीवरूनच कामाचा क्रम ठरतो.

पहिले काम मांडणीचे. ब्लॅक किंवा रफचा स्वतःचा फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारे साधन) निवडावा आणि ओळीच्या लांबीचा वाद एकदाच मिटवावा. पायथनची पेप ८ ही संहिता ७९ अक्षरांची मर्यादा सांगते, तर हे दोन्ही फॉरमॅटर मुळात ८८ धरतात. माझ्या मते ८८ स्वीकारून मोकळे व्हावे. फॉरमॅटर चालवण्यापूर्वी प्रलंबित पुल रिक्वेस्ट शक्य तेवढ्या मार्गी लावाव्यात, नाहीतर त्या पाठवणाऱ्यांना विनाकारण कॉन्फ्लिक्ट (एकाच ओळीतले परस्परविरोधी बदल) सोडवत बसावे लागते. मांडणीच्या कमिटमध्ये (गिटमध्ये एकत्र नोंदवलेल्या बदलात) हाताने केलेला एकही बदल मिसळू नये.

या कमिटमुळे गिट ब्लेममध्ये (ओळ शेवटची कोणी बदलली हे दाखवणाऱ्या आज्ञेत) बदललेल्या प्रत्येक ओळीपुढे फॉरमॅटर चालवणाऱ्याचेच नाव दिसू लागते आणि ओळ मुळात का लिहिली गेली याचा माग हरवतो. त्यावर गिटच्या २.२३ या आवृत्तीपासून (२०१९) उपाय आहे: वगळायच्या कमिटांचे पूर्ण ४० अक्षरी हॅश (कमिटची ओळख पटवणारे क्रमांक) एका फाइलीत लिहून ती फाइल ब्लेमला दाखवता येते. फाइलीला .गिट-ब्लेम-इग्नोअर-रेव्हज हे रूढ नाव देऊन ती प्रकल्पाच्या मुळाशी ठेवली, तर गिटहबही ती आपोआप वाचते. मात्र स्क्वॉश पद्धतीने (सगळ्या कमिट एकात गोळा करून) मर्ज केल्यास हॅश बदलतो. म्हणून मुख्य ब्रांचवर उमटलेला हॅश पाहून मगच, वेगळ्या कमिटमध्ये, त्याची नोंद करावी.

त्यानंतर नियम एकेक करून आणावेत. आधी एफ हा गट घ्यावा, कारण न वापरलेले इम्पोर्ट आणि व्याख्या नसलेली नावे त्यातच सापडतात. त्यापाठोपाठ संभाव्य चुका पकडणारा बी हा गट घ्यावा. त्यातला बी००६ हा नियम एकटाच सगळ्या खटाटोपाचे चीज करतो. एखाद्या फंक्शनच्या पॅरामीटरला रिकामी लिस्ट हे मूळ मूल्य दिले, तर ती लिस्ट फंक्शनची व्याख्या होताना एकदाच तयार होते. पहिल्या हाकेत (कॉलमध्ये) तिच्यात घातलेली वस्तू दुसऱ्या हाकेतही तशीच शिल्लक असते. वाचणाऱ्याला ओळ निर्दोष दिसते, चाचणी एकदाच हाक मारत असेल तर तीही उत्तीर्ण होते आणि चूक वापरकर्त्याच्या संगणकावर उघडी पडते. बी००६ नेमकी हीच चूक दाखवतो. अशा ठिकाणी मूळ मूल्य नन (None) ठेवून लिस्ट फंक्शनच्या आत तयार करावी.

चुका आपोआप दुरुस्त करणारा रफचा फिक्स हा पर्याय सोयीचा आहे, पण त्याने केलेला प्रत्येक बदल डोळ्यांखालून घालावा. काही मॉड्यूल केवळ इम्पोर्ट होताच स्वतःची नोंदणी करतात आणि त्यांचे नाव पुढे कुठेच येत नाही. लिंटरला असा इम्पोर्ट निरुपयोगी वाटतो, ओळ काढली जाते आणि प्लगइन निमूटपणे नाहीसे होते. अशा ओळीवर नोक्यूए (ही ओळ तपासू नये) ही सूचना नियमाच्या क्रमांकासह लिहावी, म्हणजे येथे एफ४०१, आणि शेजारी कारणही द्यावे. क्रमांकाविना लिहिलेली नोक्यूए त्या ओळीवरच्या पुढच्या खऱ्या चुकाही झाकते. गरज संपलेल्या नोक्यूए शोधण्यासाठी आरयूएफ१०० हा नियम चालू ठेवावा.

तपासणी दोन ठिकाणी हवी: प्रीकमिटद्वारे (कमिट करण्याआधी तपासणी चालवणारे साधन) योगदात्याच्या संगणकावर आणि सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत). गिटहबवर पहिल्यांदाच योगदान देणाऱ्याची सीआय साधारणतः मेन्टेनरच्या (प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या) संमतीवाचून सुरू होत नाही, त्यामुळे एका अर्धविरामासाठी त्याला ताटकळावे लागू नये, ही काळजी आपण घ्यायला हवी. दोन्हीकडे रफची आवृत्ती एकच आणि पक्की लिहिलेली असावी. अन्यथा स्वतःच्या संगणकावर पार झालेला कोड सीआयमध्ये अडतो आणि नवख्याला आपलेच काही चुकले असे वाटते. लिंटचे काम चाचण्यांपासून वेगळे ठेवावे, म्हणजे एक जादा स्पेस राहिली तरी चाचण्यांचा निकाल त्याच्या हाती पडतो. आवृत्ती वाढवायची असेल तेव्हा तेवढ्यासाठी स्वतंत्र पुल रिक्वेस्ट करावी.

काही महिन्यांनी साचलेल्या नोक्यूए नियमवार मोजाव्यात. एखादा नियम दुरुस्त होण्यापेक्षा गप्पच केला जात असेल, तर तो आपल्या प्रकल्पाला लागू पडत नाही असे समजून पायप्रोजेक्ट.टॉमल या सेटिंग्जच्या फाइलीतून काढून टाकावा आणि त्या कमिटच्या संदेशात कारण लिहावे.